झेनिया म्हणजे काय? पांढऱ्या मक्यातल्या पिवळ्या दाण्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी खरिपाचा मका पोसायला लागला की शिरपूर, चोपडा, धडगाव, अक्कलकुवा, सगळीकडून मला एकाच प्रकारचे फोटो यायला लागतात. अर्धवट सोललेलं कणीस हातात धरलेलं, पांढऱ्या दाण्यांत चार-पाच पिवळे दाणे, आणि खाली लिहिलेलं, "भो, मना मक्कामा हाई काय जायं?" (भाऊ, माझ्या मक्यात हे काय झालं?) प्रत्येकाला वेगवेगळं समजावत बसण्यापेक्षा सगळे प्रश्न एकदाच इथे लिहून काढलेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तिथे नंबर दिलाय, तेवढं मागेपुढे बघून घ्या.

१. झेनिया म्हणजे नेमकं काय, थोडक्यात सांगा.

ज्या परागामुळे दाणा धरला त्या परागाचा, म्हणजे बापाचा, गुण त्याच हंगामात मायच्या कणसावरच्या दाण्यात दिसला तर त्याला झेनिया म्हणतात. एरवी संकर झाला की तो कळतो पुढच्या वर्षी, बी पेरून झाड उगवल्यावर. इथे तेवढी वाट बघावी लागत नाही. तुमच्या पांढऱ्या मक्यावर शेजारच्या वावरातल्या पिवळ्या हायब्रीडचा पराग पडला तर जो दाणा त्या परागाने धरला तोच दाणा याच कणसात पिवळा भरतो, शेजारचे पांढरेच राहतात.

२. हा शब्द कुठला? मराठीत याला काय म्हणायचं आणि वाक्यात कसा वापरायचा?

शब्द मूळ ग्रीक आहे, अर्थ पाहुणचार. फोके नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८१ साली तो या गोष्टीसाठी पहिल्यांदा वापरला. मला तर नाव फार चपखल वाटतं, पराग हा वाऱ्यावर आलेला पाहुणाच, आणि तो मायच्या घरात आपली खूण ठेवून जातो. मराठीत आपण सरळ झेनियाच म्हणतो, फोड करून सांगायचं तर "परागाचा त्याच पिढीतल्या दाण्यावर दिसणारा परिणाम".

वाक्यात "मक्यात झेनिया झाला", "झेनियामुळे दाणे पिवळे आले" असं म्हणा. "झेनिया रोग पडला, काय फवारू" असं बरेच जण विचारतात. हा रोग नाहीये भाऊ, काहीच फवारू नका, पैसे वाया जातील. आणि "झेनिया जातीचं बियाणं" असंही काही नसतं.

३. झेनिया आणि झिनिया एकच का? आमच्या अंगणात झिनिया आहे.

नाही. अंगणातलं झिनिया हे फूलझाड, त्याला झिन नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव दिलंय. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, फक्त ऐकायला सारखे आहेत. गुगलवर शोधताना मात्र फुलंच फुलं दिसतात, म्हणून सोबत "मका" किंवा "पराग" लिहून शोधा.

४. पण हे होतं कसं? फळ तर मायच्या झाडाचं असतं ना?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, हे एकदा समजलं की पुढचे निम्मे प्रश्न तुमचे तुम्हीच सोडवाल.

कणसाचा एक केस म्हणजे एक दाणा. केसावर पराग पडला की त्यातून नळी निघते, ती केसातून थेट आतल्या बीजांडापर्यंत जाते आणि त्या नळीतून एक नाही तर दोन पुंयुग्मकं, म्हणजे बापाच्या बीजपेशी, आत पोचतात. एक जातं अंड्याला, त्यापासून दाण्यातला कोंब म्हणजे भ्रूण होतो. दुसरं जातं मधल्या दोन केंद्रकांना, त्यापासून भ्रूणपोष होतो, म्हणजे दाण्यातलं पीठ, आपण ज्याची भाकर करतो ते. याला द्विफलन म्हणतात. रशियाच्या नवाशिनने ते १८९८ साली लिली आणि फ्रिटिलारिया या फुलझाडांत दाखवलं, तोपर्यंत फोकेच्या शब्दाला कारण सापडलेलं नव्हतं. मग लगेच १८९९ मध्ये दि व्ह्रीस आणि कोरेन्स या वनस्पतिशास्त्रज्ञांनी मक्याचा झेनिया त्यावरून उलगडला.

मी बायाबापड्यांना सांगताना असं सांगतो: दाण्याची साल, कणसाचा दांडा, वरची पानं हे मायचं घर. कोंब म्हणजे पाळण्यातलं पोर. आणि पीठ म्हणजे मायबापाने मिळून पोराला बांधून दिलेली शिदोरी. शिदोरीत मायचे दोन वाटे, बापाचा एक वाटा. मक्याच्या साध्या पेशीत २० गुणसूत्रं असतात आणि पिठाच्या पेशीत ३०, ती यामुळेच. मायच्या घराला बापाचा रंग लागत नाही, पण शिदोरीत आणि पोरात त्याचा वाटा असतोच. म्हणून झेनिया दिसतो तो शिदोरीत किंवा पोरात.

५. पांढऱ्यात पिवळे दाणे दिसतात पण पिवळ्या मक्यात पांढरे दाणे का नाही दिसत? पराग तर दोन्हीकडे उडतो.

पराग दोन्हीकडे उडतो, बरोबर. पण पिवळा रंग प्रभावी आहे आणि पांढरा अप्रभावी. पांढऱ्या मायच्या दोन वाट्यांत बापाचा एक पिवळा वाटा पडला तरी दाणा पिवळा होतो, फक्त जरा फिकट, कारण तीनातला एकच वाटा पिवळा. उलट पिवळ्या मायचे दोन वाटे आधीच पिवळे, त्यात एक पांढरा पडला तर दाणा पिवळाच राहतो, बारकाईने बघितलं तरी फरक पटकन ओळखू येत नाही. म्हणून पिवळ्या हायब्रीडवाल्याची कधी तक्रार येत नाही, आणि आपल्या सातपुड्यातल्या पांढऱ्या मक्यावाल्याला दरवर्षी घोर लागतो. नुकसान एकाच बाजूचं दिसतं, ही गोष्ट मला फार लागते, कारण दोन्ही वावरं तितकीच मिसळलेली असतात.

६. आमच्या कणसात लाल, जांभळे दाणे आलेत. तेही झेनियाच का?

रंग दाण्याच्या कोणत्या थरात आहे त्यावर अवलंबून. घरीच बघता येतं. दाणा रात्रभर पाण्यात भिजत घाला, सकाळी नखाने वरची पातळ साल सोला. रंग सालीबरोबर निघून आला तर तो मायचा रंग, त्यात परागाचा हात नाही. साल काढल्यावर खाली जांभळा किंवा निळसर थर राहिला तर तो अल्युरोन, तो शिदोरीचाच वरचा थर, तिथे झेनिया दिसतो. आणि दाणा कापल्यावर आतलं पीठच पिवळं असेल तर तोही झेनिया असू शकतो.

न भिजवता अंदाज घ्यायचा तर, अख्खं कणीस एकसारखं लाल असेल तर तो बहुतेक मायच्या सालीचा रंग. विखुरलेले, कुठेही एखाद-दुसरा दाणा असा रंग असेल तर तो दाण्याचा स्वतःचा रंग, कारण प्रत्येक दाण्याला वेगळा पराग मिळालेला असतो.

७. बियाण्यात भेसळ होती की झेनिया झाला, हे कसं ओळखायचं? दुकानदार म्हणतो वाऱ्याने झालं.

दुकानदार खरंही बोलत असेल आणि टाळतही असेल, म्हणून आधी झाडं बघा आणि मग कणीस. भेसळ असेल तर झाडंच वेगळी दिसतात, काही उंच काही बुटकी, तुरा वेगळ्या रंगाचा, केस वेगळे, आणि अशा झाडाचं अख्खं कणीसच वेगळं असतं. झेनियात झाडं सगळी एकसारखी असतात, फक्त कणसात वेगळे दाणे विखुरलेले असतात, आणि शेजारच्या वावराच्या बाजूच्या कडेला जास्त, आत मधोमध गेलं की कमी कमी होत जातात. कडेला जास्त आणि मध्ये कमी, ही झेनियाची सगळ्यात पक्की खूण.

तिसरी शक्यता म्हणजे तुम्ही पेरलेलं बीच गेल्या वर्षी मिसळलेलं होतं. तेव्हा काही झाडांच्या कणसात जवळपास निम्मे दाणे पिवळे दिसतात, आणि ही झाडं वावरात कुठेही असतात, कडेलाच असतात असं नाही. ते ९ मध्ये बघा.

भेसळीचा संशय असेल तर पिशवी, तिच्यावरचा टॅग आणि पक्कं बिल जपून ठेवा आणि पीक उभं असतानाच तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज करा. मळणी झाल्यावर कोणाला काही दाखवता येत नाही. एकदा आमच्याच घरी असं झालंय, कणसं काढून खळ्यावर ढीग घातला आणि मग बिल शोधायला लागलो, दुकानदाराने हात वर केले आणि आमच्याकडे दाखवायला उभं झाड एकही नव्हतं.

८. असे दाणे खाल्ले तर चालतात का? काही अपाय?

बिनधास्त खा. पिवळा रंग कॅरोटीन गटातल्या रंगद्रव्यांचा असतो, गाजरात असतात तशा. भाकर थोडी पिवळसर होईल एवढंच. जनावरांना, कोंबड्यांनाही चालतं. प्रश्न येतो तो विकताना आणि बी ठेवताना.

९. पिवळे दाणे निवडून फेकले आणि पांढरे बी म्हणून ठेवले तर चालेल का?

रंगापुरतं बोलायचं तर हो, आणि ही झेनियाची आपल्याला झालेली मदतच आहे. नळीतून आलेली दोन्ही पुंयुग्मकं सारख्याच गुणांची असतात, म्हणून शिदोरी पिवळी दिसली की पोरातही पिवळा गुण गेलाय हे दिसतं. बाहेरचा पाहुणा दाण्यावरच ओळखू येतो, पेरायच्या आधी. वांग्यात, मिरचीत ही सोय नाही (१५ बघा).

पिवळा दाणा चुकून पेरला गेला तर त्या झाडाला पांढऱ्या वावरातला पराग मिळून कणसात साधारण निम्मे पिवळे निम्मे पांढरे दाणे येतात, आणि त्या झाडाच्या तुऱ्यातून निम्मा पराग पिवळ्या गुणाचा उडतो तो वेगळाच. मिसळलेलेच दाणे आपापसात पेरले तर चारात तीन पिवळे.

पण एक लक्षात ठेवा, रंग साफ झाला म्हणजे वाण साफ झाला असं नाही. त्या निम्म्या-निम्म्या कणसातले पांढरे दाणे रंगाने शुद्ध असले तरी त्यांच्या अंगात हायब्रीडचे बाकीचे गुण असतात, उंची, पक्व व्हायचे दिवस, पिठाची चव. म्हणून अशा कणसातला एकही दाणा बी म्हणून ठेवू नका, पांढरा असला तरी. बी घ्यायचं ते वावराच्या मधल्या भागातल्या, पूर्ण पांढऱ्या कणसांचंच.

१०. स्वीट कॉर्न लावलं होतं, व्यापारी म्हणे गोड नाही, दाणे टणक आहेत. बियाणं खराब होतं का?

आजूबाजूला साधा मका होता का ते आधी सांगा. गोडीचा गुण अप्रभावी आहे. साध्या मक्याचा पराग स्वीट कॉर्नच्या केसावर पडला की तो दाणा साखर साठवण्याऐवजी स्टार्च साठवतो, भरीव आणि पिठूळ होतो. सुकवलेल्या कणसात तर लगेच कळतं, गोड दाणे सुरकुतलेले आणि मिसळलेले दाणे गोल टपोरे. आपल्याकडे खरिपात आणि रब्बीतही चहूबाजूंनी पोल्ट्री आणि स्टार्चसाठीचा मका असतो, त्यामुळे स्वीट कॉर्नवाल्याने आधी शेजाऱ्यांशी बोलून मगच पेरणीची तारीख ठरवावी. उलट स्वीट कॉर्नच्या परागाने शेजारच्या साध्या मक्याचं काही बिघडत नाही, कारण ५ मध्ये सांगितलंय तेच.

११. माझ्याकडे साधा मका आसपास कुठेच नव्हता, दोन्ही वावरात स्वीट कॉर्नच होतं, फक्त कंपनी वेगळी. तरी दाणे पिठूळ निघाले. हे कसं?

हा प्रश्न मला पहिल्यांदा आला तेव्हा त्या माणसावर कोणी विश्वास ठेवला नव्हता, आणि तो शंभर टक्के खरं बोलत होता.

स्वीट कॉर्न एका प्रकारचं नसतं. जुन्या पद्धतीच्या गोड मक्यात गोडी एका जनुकामुळे येते, सुपर स्वीटमध्ये वेगळ्याच जनुकामुळे. दोन्ही अप्रभावी. आता सुपर स्वीटचा पराग साध्या गोड मक्यावर पडला तर काय होतं, पहिल्या जनुकाची चांगली प्रत बाप घेऊन येतो आणि दुसऱ्याची चांगली प्रत मायकडे असतेच. दोघांनी एकमेकांची उणीव भरून काढली आणि दाणा झाला साधा, स्टार्चने भरलेला. दोन गोड मिळून एक अगोड. म्हणून शेजारी स्वीट कॉर्न असलं तरी ते कोणत्या प्रकारचं आहे ते पिशवीवर बघा किंवा कंपनीच्या माणसाला विचारा, आणि वेगळं असेल तर साध्या मक्याइतकंच लांब ठेवा.

१२. किती अंतर ठेवावं म्हणजे झेनिया होणार नाही?

प्रमाणित हायब्रीड बियाण्यासाठी मक्यात किमान २०० मीटर अंतर धरतात, दाण्याचा रंग वेगळा असेल तर त्याहून जास्त. मक्याचा पराग जड असतो, बहुतेक पहिल्या काही दहा मीटरमध्येच खाली पडतो, पण वारा असला की थोडा लांबही जातो. खायच्या मक्यासाठी इतकं काटेकोर नसलं तरी चालतं, बियाण्यासाठी मात्र तडजोड नको.

आपल्याकडे दोन-तीन एकराच्या वावरात २०० मीटर आणायचे कुठून, हे मला माहीत आहे. मग वेळेचं अंतर ठेवा. शेजाऱ्याच्या तुऱ्याचा पराग आणि तुमच्या कणसाचे केस एकाच वेळी नकोत, एवढंच साधायचंय. दोघांच्या फुलोऱ्यात दोन ते तीन आठवड्यांची फारकत पाहिजे. इथे एक गफलत नेहमी होते, लोक पेरणीच्या तारखांत फारकत मोजतात. थंडीत पेरलेला मका हळू वाढतो आणि नंतर ऊन वाढत असताना पेरलेला पळत येऊन त्याला गाठतो, म्हणजे पेरणीत वीस दिवसांचं अंतर असलं तरी तुरा यायच्या वेळी ते बरंच कमी झालेलं असतं. आणि शेजाऱ्याचा वाण लवकर येणारा आहे की उशिरा, तेही विचारा.

याशिवाय वारा ज्या बाजूने येतो (पावसाळ्यात आपल्याकडे बहुतेक पश्चिमेकडून) त्या बाजूच्या पाच-सहा ओळी खाण्यासाठी काढा, बी म्हणून नको. त्या ओळी ढालीचं काम करतात आणि त्यांचा स्वतःचा परागही बाहेरच्या परागाला आतल्या केसांपर्यंत जागा सोडत नाही.

१३. बेबी कॉर्न, चारा मका, पॉपकॉर्न यांचं काय?

बेबी कॉर्न केस बाहेर पडले की लगेच काढतात, दाणा धरायच्या आधी, म्हणून झेनियाचा प्रश्नच नाही. चाऱ्यासाठी कापत असाल तर तुमचं काही जात नाही, पण तुरा येईपर्यंत ठेवलात तर तुमचा पराग शेजाऱ्याच्या वावरात जातो, तेवढं भान ठेवा. पॉपकॉर्नच्या बऱ्याच वाणांत असा गुण असतो की साध्या मक्याचा पराग त्यांच्या केसात पुढे सरकतच नाही, सगळ्या वाणांत मात्र नाही.

१४. दादर ज्वारीच्या शेजारी लाल ज्वारी लावली तर दादरचे दाणे लाल होतील का?

त्या वर्षी नाही. ज्वारीच्या दाण्याचा लाल रंग मुख्यतः सालीत असतो आणि साल मायची (४ आणि ६ बघा). शिवाय ज्वारी बरीचशी स्वतःच्याच परागाने धरते, मक्यासारखी वाऱ्यावर अवलंबून नसते. थोडाफार संकर होतो, तो पुढच्या वर्षी झाडात दिसेल. म्हणजे कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीला काही धोका नाही, बियाण्याच्या कणसांवर मात्र नजर ठेवा.

१५. भरताच्या वांग्याशेजारी जांभळी वांगी लावली, मिरचीशेजारी ढोबळी लावली. वांग्याचा रंग बदलेल का? ढोबळी तिखट होईल का?

वांग्याचा गर आणि साल, मिरचीची साल आणि आतला तिखट पांढरा दांडा, हे सगळं मायचंच अंग. त्या वर्षीच्या फळात शेजाऱ्याचा गुण उतरत नाही. ढोबळी तिखट लागली तर बहुतेक बीच आधीच मिसळलेलं होतं.

पण इथे खरा धोका लपलेला असतो. मक्यात पाहुणा लगेच दिसतो, वांग्यात अजिबात दिसत नाही. फळ बाहेरून अगदी जळगावच्या भरताचं हिरवं वांगं, आत मात्र काही बिया जांभळ्या बापाच्या, आणि तुम्ही त्याच फळाचं बी धरता. पुढच्या वर्षी चूक कळते तेव्हा रोपं लावून झालेली असतात. म्हणून बियाण्याचं फळ ज्या फुलापासून धरायचं ते फूल उमलायच्या आधीच पातळ कापडाच्या छोट्या पिशवीत बांधा, वांगं स्वतःच्या परागाने धरतं, आणि फळ धरल्यावर त्याला दोरा बांधून खूण करा.

१६. कपाशीत झेनिया होतो का? रुईवर परिणाम होतो का?

रुई म्हणजे सरकीच्या सालीवर उगवलेले तंतू, साल मायची, म्हणून शेजारच्या परागाने रुईची लांबी बदलेल अशी भीती धरायचं कारण नाही. सरकीच्या आतला कोंब मात्र मायबाप दोघांचा, आणि व्यापक अर्थाने झेनिया म्हटलं तर तो तिथे असतो.

याचा एक उपयोगी भाग सांगतो. बीटी हायब्रीडच्या झाडात बीटी जनुक (बोंडअळीला मारणारं विष बनवणारा) दोनातल्या एकाच वाट्यात असतो, म्हणून त्याच्या बोंडात सगळ्या सरक्या बीटी नसतात, एका जनुकापुरतं बघितलं तर चारातल्या साधारण तीन. उलट कडेला लावलेल्या बिगर बीटी झाडांवर मधमाशीने बीटीचा पराग आणला तर त्यांच्या बोंडातल्या काही सरक्या बीटी होतात. गुलाबी बोंडअळी सरकीच खाते, आणि एकाच बोंडात विषारी आणि बिनविषारी अशा दोन्ही सरक्या मिळाल्या की तिला प्रतिकार कमवायला सोपं जातं असं कपाशीचे अभ्यासक म्हणतात. खानदेशातल्या माणसाने झेनिया समजून घ्यायला मला तर हे एकच कारण पुरेसं वाटतं.

१७. केळी आणि पपई?

आपली बागेतली केळी परागाशिवायच फळ धरते, तिच्यात बीच नसतं, मग झेनिया कुठून येणार. बागेत एखादं झाड वेगळं निघालं तर ते टिश्यू कल्चरमधला किंवा कंदातला बदल असतो, शेजारच्या बागेचा दोष नाही. पपईचा गर मायचा, त्यामुळे गराचा रंग त्या वर्षी बदलत नाही, बियांत मात्र संकर होतो.

१८. मेटाझेनिया म्हणजे काय? झेनियाच का?

जवळचा पण वेगळा. झेनिया शिदोरीत आणि पोरात, मेटाझेनिया थेट मायच्या अंगावर, म्हणजे फळाच्या गरावर, आकारावर, पिकण्याच्या दिवसांवर. ४ मध्ये मी म्हटलं की मायच्या घराला बापाचा रंग लागत नाही, त्याला हा अपवाद. अमेरिकेच्या स्विंगलने १९२८ मध्ये खजुरावर लिहिताना हे नाव रूढ केलं. खजुरात नर झाड बदललं की फळाचा आकार आणि पिकायची वेळ बदलते, गर मायचा असूनही. बी वाढताना काही संप्रेरकं आजूबाजूच्या गरात सोडतं म्हणून असं होतं, असं त्याने मांडलं. कच्छमध्ये पाऊस यायच्या आत ताजा खजूर उतरवायचा असतो, तिथे आठवडाभर आधी पिकणं म्हणजे पीक हातात येणं, म्हणून नर निवडण्याला महत्त्व.

१९. गाई-म्हशींत झेनिया असतो का? आमच्या आबांचं म्हणणं, गाईला एकदा जर्सी भरवली की पुढची सगळी वासरं त्या वळणाची होतात.

आबांचा मान राखून सांगतो, तसं होत नाही. जनावरांत झेनिया नसतोच, कारण द्विफलन आणि शिदोरी हा प्रकार फुलझाडांचा. आबा म्हणतात त्या समजुतीला टेलिगनी म्हणतात आणि ती जगभर होती. १८२०-२१ च्या सुमाराला इंग्लंडमध्ये लॉर्ड मॉर्टन यांच्या घोडीवर ती फार गाजली. घोडीला आधी क्वागा नावाच्या पट्टेदार नराकडून शिंगरू झालं होतं, नंतर घोड्यापासून झालेल्या शिंगरांच्याही अंगावर पट्टे दिसले. पुढे १८९० च्या दशकात स्कॉटलंडच्या युअर्टने झेब्रा आणि घोड्या घेऊन मुद्दाम प्रयोग केले आणि ही समजूत टिकली नाही. साध्या घोड्यांतही कधीकधी पट्टे दिसतात. गाईला पुढच्या वेळी गावठी वळू दाखवला तर वासरू त्याचंच होईल.

२०. एका दाण्यावर ठिपके आहेत, अर्धा रंगीत अर्धा पांढरा. आणि एकदा पिवळा दाणा पेरला तर झाड शुद्ध पांढऱ्याचं निघालं. तुमचा नियम चुकला का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठिपके बहुतेक वेळा उड्या मारणाऱ्या जनुकांमुळे येतात, ते दाणा वाढत असताना जागा बदलतात आणि मधेच रंग सुरू किंवा बंद होतो. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी हे मक्याच्या दाण्यांवरूनच शोधलं आणि त्यांना १९८३ साली नोबेल मिळालं. तो झेनिया नव्हे.

दुसरी गोष्ट जास्त दुर्मिळ. कधीकधी एकाच बीजांडात दोन परागनळ्या पोचतात, एकीतलं पुंयुग्मक शिदोरीला आणि दुसरीतलं पोराला मिळतं. मग शिदोरीचा बाप वेगळा आणि पोराचा वेगळा. मक्यात साधारण शंभरात एखाद-दुसऱ्या दाण्यात असं होऊ शकतं. म्हणून ९ मधली निवड जवळपास पक्की आहे, अगदी शंभर टक्के नाही. याचसाठी दोन-तीन वर्षं सलग निवड करा.

२१. झेनियाचा काही फायदाही आहे का?

आहे. पहिला ९ मध्ये आला. दुसरा, परक्या वाणाचा पराग मिळाला की मक्याचा दाणा कधीकधी जास्त वजनाचा भरतो, युरोपात नरवंध्य, म्हणजे स्वतःचा पराग न देणाऱ्या, हायब्रीडमध्ये वेगळ्या हायब्रीडच्या ओळी मिसळून याचा उपयोग करून बघितलाय. तोटाही सांगतो, जास्त पौष्टिक प्रथिनांचा मका, ज्याच्यासाठी आपले सुरिंदर वासल आणि मेक्सिकोच्या इव्हँजेलिना व्हिलेगास यांना २००० सालचा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, त्याचा गुणही अप्रभावी आहे. साध्या मक्याच्या परागाने धरलेल्या दाण्यात ती जास्तीची पौष्टिकता येत नाही, आणि बाहेरून रंगावरून काहीच कळत नाही.

२२. आमच्या पाड्यावर सगळे हायब्रीड लावतात, आजीचा पांढरा मका मी एकटाच ठेवलाय. एकट्याने कसा जपायचा?

तुमच्यासारखे लोक आहेत म्हणूनच हे सगळं लिहितोय. अंतर मिळत नसेल तर हाताने परागीकरण करा, फुकटात होतं, फक्त आठवडाभर सकाळ द्यावी लागते. केस बाहेर यायच्या आधीच कोवळ्या कणसावर बटर पेपरची पिशवी घाला. आदल्या संध्याकाळी चांगल्या झाडांच्या तुऱ्यांवर कागदी पिशव्या बांधा म्हणजे रात्री-पहाटे येऊन बसलेला बाहेरचा पराग आत राहून मरतो. सकाळी दव सुकल्यावर, नऊ ते अकराच्या दरम्यान, तुरे झटकून पराग गोळा करा, आठ-दहा झाडांचा एकत्र मिसळा, कणसाची पिशवी पटकन उचलून केसांवर टाका आणि लगेच परत झाका. ऊन चढलं की थांबा, कोरड्या गरम हवेत पराग काही मिनिटांतच मरायला लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत एकदा करा, कारण सगळे केस एकदम निघत नाहीत.

एकाच झाडाचा पराग त्याच झाडाला देत बसू नका, दोन-तीन पिढ्यांत मका खुरटतो. आणि चार-पाच कणसांवर वाण ठेवू नका, जमलं तर शंभरेक कणसं, तेवढी नाही जमली तर शेजारच्या पाड्यावरच्या पांढऱ्यावाल्याशी थोडं बी अदलाबदल करा. निवडलेली कणसं आजी ठेवायची तशीच ठेवा, पानं मागे ओढून वेणी घालून चुलीच्या वर धुरात टांगायची. भुंगा लागत नाही, आणि ये-जा करताना रोज नजर पडते, त्यात एखादा पिवळा दाणा चुकून राहिला असेल तर पेरणीच्या आधी तो डोळ्यात भरतोच.